रिकाम्या रांजणातले खडे

"शून्य हे एकशे तेरापेक्षा मोठं? मग उद्या भर दरबारात सिद्ध कर! नाही जमलं तर गावदवाखान्याला कुलूप, आणि तू वर्षभर हत्तीच्या झुली धुवायच्या!"

एवढं बोलून सोनवडच्या राजे भुजंगरावांनी मिशीला पीळ दिला. समोर उभी होती ठमा परटीण. खरं तर ती तसं म्हणालीच नव्हती. ती एवढंच म्हणाली होती, "म्हाराज, नुसते खडे मोजून न्याय करू नका." पण राजे पडले हट्टी, आणि हट्टी माणसाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं!

झालं होतं असं. सोनवडात दवाखाने दोन. एक राजवाड्याला लागून, राजवैद्य त्र्यंबकशास्त्रींचा. दुसरा कुंभारआळीत, गावाने वर्गणी काढून उभारलेला. तिथे सगुणाक्का औषध देत. कुठला दवाखाना चांगला हे कळावं म्हणून राजांनी दोन्हीकडे दारात एकेक रांजण ठेवला होता. रोग्याच्या बाबतीत चूक झाली की रांजणात एक खडा टाकायचा, असा हुकूम. वर्ष सरलं आणि रांजण दरबारात आले. गावदवाखान्याचा उपडा केला, तर एकशे तेरा खडे! राजवैद्यांचा उपडा केला, तर आतून एक कोळी तेवढा बाहेर पडला.

"पाहिलंत महाराज? आमच्याकडे चूक औषधालासुद्धा सापडायची नाही!" शास्त्री म्हणाले.

राजांनी तिथल्या तिथे गावदवाखाना बंद करायचा हुकूम सोडला, आणि ठमा गर्दीतून पुढे सरसावली. तिच्या लेकीला, येसूला, आठवा महिना लागला होता. आता ती बाळंत होणार कुठे? शास्त्रींकडे? दोन्ही दवाखान्यांच्या चादरी ठमाच धूत होती. कुठे काय सांडतं, कुठे कोण पडतं, सगळं तिला चादरी बघून कळायचं. म्हणून तर ती राजांपुढे तोंड उघडायला धजली.

"दावते सिद्ध करून," ठमा म्हणाली. "पर आज तुम्ही माझं ऐकायचं. म्हाताऱ्या मेंढपाळाचं सोंग घ्या, उजवा गुडघा दुखतोय म्हणा, आन् दोन्ही दवाखान्यांत जाऊन या!"

सोंग म्हटल्यावर राजे खूष! त्यांनी रिकामे रांजण परत आपापल्या दारी पाठवले, आणि घोंगडी पांघरून, लंगडत लंगडत ते आधी कुंभारआळीत पोचले.

"नाव काय बाबा? कुठला गुडघा? नीट हात लावून दाखवा," सगुणाक्कांनी विचारलं आणि उजव्या गुडघ्याला खुणेसाठी लाल दोरा बांधला. मग फळीवरून काढ्याची बाटली घेतली, ओतणार तोच थबकल्या. "अगं बाई! हा तर खोकल्याचा!" त्यांनी बाटली बदलली आणि रांजणात खडा टाकला. टक्!

राजे मनात म्हणाले, 'सापडली! एकशे चौदा!' पण त्यांना राहवेना. "अहो आक्का, मी तर प्यालोच नाही. मग खडा कशाला?"

"आज तुम्ही वाचलात बाबा. उद्या दुसरा कुणी वाचेलच असं नाही ना! संध्याकाळी आम्ही सगळे बसतो आणि खडा का पडला ते बघतो. ह्या दोन बाटल्या शेजारी नकोतच. एक आत्ताच वरच्या फळीवर जाईल."

तिथून राजे राजवैद्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे कोणी नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. एका मदतनिसाने खस्सकन पाय ओढला आणि डाव्या गुडघ्यावर कढत लेप थापला.

"अहो, उजवा! उजवा दुखतोय!"

"वैद्य तू का मी? घे, हे पी!"

राजे प्याले. घटकाभरातच पोटात गुरगुर सुरू झाली. काढा होता शेजारच्या खाटेवरच्या बद्धकोष्ठाच्या आजोबांचा!

"अरे, चूक झाली! टाक खडा!" राजे ओरडले.

मदतनिसाने रांजणाचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. "गप बस की म्हाताऱ्या! खडा टाकला तर शास्त्रीबुवा माझा आठवड्याचा शिधा बंद करतील!"

यापुढचं राजांनी ऐकलं नाही. ते धोतर सावरत पळत सुटले होते.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. राजांचा चेहरा उतरलेला. शास्त्रींचा मात्र फुललेला. "कालचंही शून्यच, महाराज! बघा, रांजण रिकामा!"

ठमा पुढे आली. "म्हाराज, डावा गुडघा कसा हाय?"

"आखडलाय!"

"आन् पोट?"

राजांनी पोटावर हात दाबला. शास्त्री गोंधळले. मग कालचा लंगडा मेंढपाळ कोण होता, याचा हळूच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

"म्हंजे कालच्या एका दिसात, एका रोग्याचे ह्या रांजणात दोन खडे पाहिजेत," ठमा म्हणाली. "हायत का? न्हाईत! आता वर्साचे दिस किती, रोगी किती? सगुणाक्काचे एकशे तेरा मोजले आन् संपले. ह्या रिकाम्या रांजणात किती खडे पडायचे राहिले, ते मोजून दावा म्हाराज! ज्याचा हिशेब कुणालाच लागत न्हाई ते मोठं, का एकशे तेरा मोठं?"

राजांनी मिशी चाचपली, आणि एकाएकी ते खो खो हसत सुटले. "हरलो बाई, हरलो! गावदवाखाना चालू राहील. शास्त्रीबुवा, आजपासून खड्यापायी कोणाचा शिधा तोडाल, तर तुमचाच तोडीन! आणि महिनाभर सगुणाक्कांच्या हाताखाली शिकायला जा." मग त्यांनी एक रांजण सिंहासनाशेजारी आणवला आणि स्वतःच्या हाताने त्यात खडा टाकला. टक्! "हा माझा. न बघताच कुलूप लावायला निघालो होतो."

ठमाला साडीचोळी मिळाली, येसूला राजवाड्यातून बाळंतविडा मिळाला.

"आणखी काही हवं असेल तर माग," राजे म्हणाले.

"तेवढ्या हत्तीच्या झुली असतील तर द्या, म्हाराज," ठमा हात जोडून म्हणाली. "काल सांजच्याला एका मेंढपाळाचं धोतर धुवायला आलंय. त्यापरास झुली बऱ्या!"

राजे पोट धरून हसले, आणि तसेच पोट धरून आत पळाले.