औषध न मागणाऱ्यांची नाडी

एकदा एका डोंगरपायथ्याच्या गावातल्या वृद्ध वैद्यबुवांनी, औषध मागायला न आलेल्या माणसांच्या नाड्या पाहायला सुरुवात केली. त्यांचा नियम गावाला ठाऊक होता. रोगी समोर आल्याशिवाय ते औषध देत नसत, आणि तीन बोटे मनगटावर असेपर्यंत वैद्याने बोलायचे नाही, रोग्यानेही बोलायचे नाही. पण धडधाकट माणसाला धरून बसवणे, हे मात्र नवे होते. त्यांच्याकडे विद्या शिकणाऱ्या इरावतीलाही त्याचा उलगडा होईना.

त्या दिवसांत इरावतीचे मन ठिकाणावर नव्हते. तिचा धाकटा भाऊ हेरंब सैन्यात निवडला गेला होता. शहरातल्या एका कारखान्यात चांगली नोकरी चालून आलेली, ती नाकारून त्याने हा मार्ग धरला होता. सोमवारी निघायचे होते. वडील पूर्वीच गेलेले, घरात आई आणि ही दोन भावंडे. आई रडली नाही, रागावलीही नाही. तिने फक्त त्याच्याशी बोलणे सोडले. ताट वाढायची, कपडे वाळत घालायची, आणि तो समोर आला की दुसऱ्या कामाला लागायची. शेवटी हेरंब बहिणीला म्हणाला, "ताई, आई अशीच गप्प राहिली तर माझ्याच्याने निघवणार नाही. मी कळवून टाकतो, येत नाही म्हणून."

त्यात गावाची भर. जो भेटेल तो विचारी, "हेरंबला कसं काय पाठवताय?" हे प्रश्न आईच्या कानावर पडतात आणि ती अधिकच मिटून घेते, हे इरावती पाहत होती. म्हणून तिने भावाची बाजू लढवायचा विडा उचलला. दवाखान्यात चूर्णाच्या पुड्या बांधून ठेवाव्यात, तशी उत्तरे तिने तयार ठेवली. एक देशसेवेचे, एक शिस्तीचे, एक पगार आणि पेन्शनचे. जो येईल त्याच्या हातावर हाताला लागेल ती पुडी. कापडाच्या व्यापाऱ्याला तिने देशसेवेचे उत्तर दिले, तेव्हा शेठ भडकले, "म्हणजे आम्ही दुकान चालवणारे देशाचे कोणीच नाही का?" ज्यांनी हेरंबला शाळेत शिकवले त्या निवृत्त मास्तरांना तिने पेन्शनचे सांगितले. मास्तरांचा चेहरा उतरला, आणि ते निघून गेले. वैद्यबुवा कोपऱ्यात खलात औषध घोटत हे सारे ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पुन्हा आले. दवाखाना भरलेला होता. दारातूनच त्यांनी सुरुवात केली, "इरावती, तुझ्या आईकडे बघ जरा! असं कोणी करतं का? तुम्ही त्याला अडवत का नाही?"

इरावतीने तोंड उघडले, पण त्याआधी वैद्यबुवा म्हणाले, "या शेठ, बसा. हात द्या."

"अहो, मला काय झालंय? मी आपला सहज..."

"उजवा हात."

शेठ बसले. वैद्यबुवांची बोटे मनगटावर टेकली आणि नियमाप्रमाणे सगळे शांत झाले. दुकानात दिवसभर बोलणाऱ्या त्या माणसाला अशी शांतता बहुधा कित्येक दिवसांत मिळाली नसावी. त्यांची नजर खाली गेली, खांदे सैल पडले. वैद्यबुवांनी बोटे उचलली, तरी ते आपला हात मागे घेईनात.

"झोप लागत नाही," ते हळूच म्हणाले. "आमचा धाकटा भरतीचा फॉर्म घेऊन आलाय. हेरंबचं बघून. घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही मी."

"असं होय!" वैद्यबुवा म्हणाले. "आज जेवताना त्याला शेजारी बसवून घ्या. बाकी पथ्य काही नाही."

शेठ उठले. जाताना इरावतीकडे पाहून म्हणाले, "आईला सांग, मी विचारत होतो." त्यांचा आवाज पूर्वीचा नव्हता.

थोड्या वेळाने नात्यातले एक काका डोकावले. ते रोज गावभर फिरत आणि दुपारी जेवायला घरी पोहोचत. "काय गं इरे, मार्क कमी पडले म्हणून भावानं बंदूक धरली का?" असे म्हणून स्वतःच हसले.

इरावतीच्या जिभेवर असे उत्तर आले होते की काकांनी महिनाभर त्या गल्लीत पाऊल टाकले नसते. पण वैद्यबुवांनी त्यांचाही हात धरला. बराच वेळ धरला. काका घाबरून म्हणाले, "का हो, काही गंभीर आहे का?"

"बोलू नका." आणि क्षणभराने बोटे उचलून, "नाडी उत्तम आहे. तुम्हाला काहीही झालेलं नाही. उठा, रांग मोठी आहे."

रांगेतली माणसे हसली. काकाही ओशाळून हसले आणि निघून गेले.

दुपार कलताना मास्तर आले. उभ्यानेच बोलू लागले. "वैद्यबुवा, मला या मुलीशी बोलायचंय. काल ती पेन्शनचं सांगत होती. मी त्यासाठी आलो नव्हतो. माणसानं माणसावर शस्त्र उचलावं, हे मला आयुष्यभर पटलेलं नाही. आणि आता माझाच विद्यार्थी..."

वैद्यबुवांनी त्यांचीही नाडी पाहिली. मग तोच हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "मास्तर, याला औषध नको. हा प्रश्न निरोगी आहे. पण तो या मुलीचा नाही. ज्याचा आहे तो संध्याकाळी घरी असतो. त्यालाच विचारा."

"त्याला वाईट वाटेल."

"न विचारल्याचं जास्त वाटेल."

दवाखाना रिकामा झाल्यावर इरावतीने विचारले, "गुरुजी, हे काय आरंभलंत? तिघांनी एकच प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं असतं."

"काल दिलंस की!" वैद्यबुवा खल पुसत म्हणाले. "तीन माणसांना खोकला झाला, तर तू एकच काढा देतेस का? एकाचा खोकला छातीतला असतो, एकाचा धुळीचा, आणि एखादा नुसताच लक्ष वेधायला खोकतो. शेठ घाबरलेले होते. घाबरलेल्या माणसाला युक्तिवाद नको असतो, कोणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं. काका रिकामे होते. त्यांना उत्तर देणं म्हणजे त्यांना उद्याचं काम देणं. आणि मास्तरांचा मतभेद खरा होता. खऱ्या मतभेदाला पुडीत बांधलेलं उत्तर दिलं, तर तो त्या माणसाचा अपमान होतो. त्याला योग्य दारापर्यंत नेऊन सोडायचं."

"मग मी काहीच बोलायचं नाही?"

"बोल ना. 'तो विचार करून जातोय आणि मी त्याच्यासोबत आहे.' एवढं ताठ मानेनं बोल. कारण एवढंच तुझं आहे. बाकीचं त्याचं आहे, ते त्याच्या वतीनं उसनं घेऊन बोलू नकोस."

वैद्यबुवांनी हात पुढे केला. बायकांची नाडी डाव्या हाताची पाहायची रीत, म्हणून तिने आपला डावा हात दिला. आजवर ती इतरांच्या नाड्या शेजारी बसून शिकत आली होती. या शांततेत स्वतः बसण्याची वेळ पहिलीच. तीन बोटे टेकली. बाहेर कोणीतरी दोरीवरचे कपडे काढत होते. तिला जे म्हणायचे नव्हते तेच ओठांशी येऊ लागले, आणि बोटे उचलली जाताच ते बाहेर पडले.

"गुरुजी, तो का जातोय हे मलाच माहीत नाही."

"विचारलंस?"

"नाही. विचारलं आणि त्याचं उत्तर मला पटलंच नाही तर?"

"तर नाही पटणार," वैद्यबुवा म्हणाले. "सोबत राहायला पटावंच लागतं, असं तुला कोणी सांगितलं?"

इरावती घरी आली तेव्हा मास्तर ओटीवर बसलेले होते. समोर हेरंब. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत नव्हता, म्हणजे आई ऐकत होती. मास्तरांनी आपला प्रश्न जसाच्या तसा विचारला. सवयीने इरावतीच्या मनात उत्तर उभे राहिले. तिने ते गिळले आणि भिंतीला टेकून बसली.

हेरंब सरसावून बसला. मग म्हणाला, "सर, तुम्हाला जे वाटतं ते मलाही वाटतं. शस्त्र जड आहे. पण ते कोणाच्या तरी हातात असणारच आहे ना? मग ज्याला ते जड वाटतं, त्याच्या हातात असलेलं बरं, असं मला वाटलं. आणि ते दर वेळी दुसऱ्याच्याच घरातल्या मुलानं उचलावं, हे मला बोचत राहिलं. मी चुकत असेन. पण मी उगाच जात नाहीये."

मास्तर म्हणाले, "मला अजूनही पटलं नाही."

"चालेल सर. मी पत्र लिहीन. उत्तर द्याल?"

"देईन. शुद्धलेखनाच्या चुकांना लाल खूण करून."

दोघेही हसले. मास्तर निघण्यासाठी उठले. इरावतीने त्यांना थांबवले नाही आणि निरोपही दिला नाही. ती भावाकडेच पाहत होती.

"हेरंब, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की," तो म्हणाला. "रोज वाटते. गावात सगळे तुम्हालाच विचारत होते, आणि तुम्ही मला कोणी विचारलं नाही. मग कोणाला सांगणार?"

स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी राहिली होती. आपल्या मुलाला कशाचीच भीती नाही, आपल्या मायेचीही त्याला काही पडलेली नाही, असे ती इतके दिवस धरून चालली होती. ती पुढे आली. मास्तर दारात, इरावती भिंतीशी, सगळे जागच्या जागी थांबले. आई हेरंबच्या शेजारी बसली, पदराला हात पुसले, आणि कित्येक दिवसांनी त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"तिकडे थंडीत अंघोळीला गरम पाणी देतात का रे?"

हेरंब तिच्याकडे वळला. "माहीत नाही आई. विचारून कळवतो."

"कळव," आई म्हणाली. "आणि नसलं तरी कळव."

मास्तरांनी पायात चपला सरकवल्या आणि आवाज न करता फाटक लावून घेतले.

आपल्या माणसाविषयी कोणी विचारले, तर उत्तर देण्याआधी क्षणभर थांबावे. विचारणारा काय घेऊन आला आहे ते ऐकावे, आणि आपण स्वतः त्या माणसाला शेवटचे कधी विचारले होते, तेही आठवून पाहावे.