रेघ कातडीवर, वाट आत

एकदा एका विणकरांच्या गावात असा नियम होता की, अंगावर नागीण उठली तर गेरूची रेघ ओढून तिची वाट अडवायची, आणि त्यानंतर फोड सुकेपर्यंत रोग्याने उंबरा ओलांडायचा नाही. का, हे विचारायचे नाही. वैद्यबुवांकडे शिकणाऱ्या शर्वरीला तर हे लहानपणीच बजावले होते.

त्या वर्षी धुके विरायलाच तयार नव्हते. माग जणू ढगात चालत होते. अशा एका सकाळी तिचे चुलते मार्तंडकाका कपाळ धरून बुवांच्या ओसरीवर आले. उजव्या भुवईवर पाण्याने भरलेले बारीक फोड होते. डावी बाजू मात्र स्वच्छ. काकू गेल्यापासून त्यांना ना झोप होती, ना धड जेवण. मागोमाग गावातले दोन थोरले गेरूची वाटी घेऊन आले.

बुवांनी काकांच्या नाकाचा शेंडा निरखला. तिथेही एक फोड होता. मग ते शांतपणे उठले, सुताच्या एका लडीवर मधोमध गेरूची रेघ ओढली आणि लडीचे टोक निळीच्या पाण्यात सोडले.

"बुवा, माणूस कळवळतोय आणि तुम्ही रंगकाम काढलंत?" शर्वरी म्हणाली.

"बघ जरा."

निळाई स्वप्नासारखी हळूहळू वर चढली, रेघेच्या आतून गेली आणि पलीकडच्या सुट्या धाग्यांत पसरली.

"कांजिण्या येऊन जातात, असं आपण म्हणतो," बुवा म्हणाले. "त्या जात नाहीत. त्यांचं बी मज्जातंतूच्या मुळाशी निजून राहतं. वयानं, दुःखानं शरीराचा पहारा पेंगला, की ते जागं होतं आणि तंतूच्या आतून चालत कातडीवर येतं. एकाच तंतूचे फाटे कपाळाला, डोळ्याला आणि नाकाच्या शेंड्याला जातात. नाकावर फोड आला, म्हणजे डोळा धोक्यात आहे. हे माझ्या लेपाचं काम नाही. आजच शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. औषध जितकं लवकर, तितकी नजर वाचण्याची आशा जास्त."

"फोड सुकले की जा," एक थोरला म्हणाला. "आधी रेघ. पोरी, तूच ओढ, पुतणीचा हात शुभ असतो."

"तोवर डोळा थांबेल का, आजोबा?"

"बुवांनी चार झाडपाले शिकवले तर जीभ फुटली हिला," दुसरा हसला. "रीत आहे ती."

"शेजारच्या गोदाआजीला नागीण झाली, तेव्हा तिनंही रीत पाळली होती. तिचा डोळा गेला, तेव्हा तुम्हीच म्हणालात, रेघ वाकडी पडली. मी तिच्या उशाशी बसले होते. रेघ सरळ होती." शर्वरीने काकांच्या डोक्यावर पंचा पांघरला. "मी ओढणार नाही. आणि आम्ही निघालो."

काकांनी दुखरा डोळा मिटला आणि तिचा हात धरला. थोरल्यांनी बुवांकडे पाहिले. बुवा फक्त बाजूला सरकले, दोघांना पायरी उतरता यावी म्हणून.