पाच कागद आणि एक मेंढी

माळावरच्या एका गावात हेमांगी नावाची गुरांची डॉक्टर होती. मनाने चांगली, हाताला गुण असलेली, फक्त जरा घाईची.

एकदा धुळाबा धनगर तिच्याकडे आला. त्याच्या मेंढ्या माती चाटत होत्या, एकमेकींची लोकर ओरबाडून खात होत्या. हेमांगीने माहिती शोधायला घेतली. एका पत्रकात 'जनावरांसाठी' क्षारांच्या चाटण-विटेची कृती सापडली. खात्री करावी म्हणून तिने आणखी शोधलं. एका मासिकात तेच, दोन पुस्तिकांत तेच, मोबाइलवर आलेल्या संदेशातही तेच. मापंसुद्धा तीच. आणखी काय हवं? पत्रकाच्या तळाशी मूळ शोधनिबंधाचं नाव होतं. तो तिच्याच कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाला असता. पण एवढ्यासाठी जिल्ह्याला कोण जाणार, म्हणून तिने तो विषय मिटवला.

त्या कृतीने तिने बनवलेल्या विटा धुळाबाने घेतल्या, पण तो दारातच घुटमळला. "बाई, आमी नवं खाणं आधी एकाच मेंढीला घालतो. एक हंगाम बघतो, मगच कळपाला."

हेमांगी हसली. "पाच ठिकाणी लिहिलंय, धुळाबा. तोवर बाकीच्यांनी हाल का काढायचे?"

शिकलेल्या बाईचा शब्द त्याला मोडवेना. त्याने सगळ्या कळपापुढे विटा टांगल्या.

तीन महिने मेंढ्या तरतरीत होत्या. मग एकाएकी डोळे पिवळे पडू लागले, लघवी काळपट लाल होऊ लागली, आणि आठवड्याभरात एकवीस मेंढ्या गेल्या. हेमांगीने जिवाचं रान केलं, पण आजारी पडलेली एकही वाचली नाही.

तेव्हा कुठे ती ग्रंथालयात गेली. प्रयोग गाईंवर केलेला होता. शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं की यातलं तांबं मेंढ्यांच्या यकृतात साठत जातं, त्यांना ही वीट देऊ नये. पत्रक लिहिणाऱ्याने तेवढाच परिच्छेद गाळला होता. बाकीच्या चौघांनी त्याच्यावरूनच उतरवून घेतलं होतं.

ती तडक माळावर गेली. धुळाबा आईविना झालेल्या कोकरांना बाटलीने दूध पाजत होता. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुमी तरी काय करणार, बाई," तो म्हणाला. "मीच माझी रीत मोडली."

ते ऐकून हेमांगीला रडू आवरेना. दूध संपलं तरी कोकरं माळाकडे तोंड करून ओरडतच होती.

तात्पर्य: पाच ठिकाणी लिहिलेली गोष्ट पाच वेळा तपासलेली असतेच असं नाही, मुक्या जिवावर उपाय करण्याआधी मूळ लिखाण स्वतः वाचावं, आणि जाणत्या माणसाची शंका हसण्यावारी नेऊ नये.