झग्यातला वारा

पाणखोलच्या जुन्या मठाच्या दारात संत आंतोनची बरोक शैलीतील लाकडी मूर्ती आहे. तिची ही आख्यायिका गावातील कार्लीन डाबरे, वय एक्क्याऐंशी, यांनी मे २०११च्या दुसऱ्या रविवारी, अंगणातल्या सुकत्या बोंबलांची राखण करताना सांगितली. त्यांना ती आजेसासूकडून मिळाली होती.

फार वर्षांपूर्वी, टेकडीवरचा मठ नवा होता तेव्हा, गावात इनास नावाचा सुतार गलबते बांधी. असं म्हणतात, की त्याने ठोकलेल्या फळ्यांतून पाणी तर सोडाच, पाण्याचा आवाजही आत येत नसे. असेच एक गलबत घेऊन त्याचा धाकटा भाऊ सांतान पाऊस सरताच व्यापाराला गेला. उन्हाळ्यात बाकीची गलबते परतली. सांतानचे आले नाही.

त्याच सुमारास मठाच्या थोरल्या पाद्रींनी इनासला मठाच्या दारासाठी संत आंतोन कोरायला सांगितले आणि परदेशाहून आलेले चित्र समोर ठेवले. सांतानच्या गलबतासाठी आणलेल्या सागाचा एक ओंडका उरला होता, तोच इनासने घेतला. डोळे, बोटे, कडेवरचे बाळ, सारे चित्राबरहुकूम उतरले. फक्त चित्राप्रमाणे मठाच्या दारात समुद्राकडे फुगायला हवा तो झगा इनासच्या हाताखाली उलटा, गावाकडे उडाला.

“इनासदादा, संताला शीड लावलंस होय?” गावाने थट्टा केली. पाद्री मात्र हसले नाहीत. झगा चित्रासारखा झाला तरच मूर्ती दारात उभी राहील, असे त्यांनी बजावले.

इनास म्हणाला, “पाद्रीबाबा, चित्रातल्या वाऱ्यानं माणूस घर सोडतो. मला घरी आणणारा वारा हवा.”

पाद्रींनी संतांच्या सणापर्यंत मुदत दिली. सण आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर येई. त्यानंतर समुद्र बंद होई, आणि तोवर न आलेल्या माणसाची वाट पाहणे गाव सोडून देई. त्या वर्षी नेमका चार दिवस जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, गलबतांना किनाऱ्याला येऊ न देणारा वारा सुटला होता. सणाच्या सकाळी इनास ती अवजड मूर्ती एकट्याने खांद्यावर घेऊन टेकडी चढला, असं म्हणतात. दारात ती ठेवून त्याने पटाशी पाद्रींच्या हाती दिली.

“माझ्यानं होणार नाही. तुम्हीच छाटा.”

पाद्रींनी पटाशी टेकवली, तोच त्यांच्या स्वतःच्या अंगावरचा झगा फडफडून गावाकडे उडाला. त्यांनी वळून पाहिले. क्षितिजावर एक शीड दिसत होते. त्यांनी पटाशी खाली ठेवली.

मठ पुढे ढासळला, दार उरले. आजही घरचे कुणी जहाजावर वा आखातात गेले, की माणसे तिथे येऊन झग्याच्या उडत्या टोकावर तळहात ठेवतात आणि म्हणतात, “इनासबाबा, वारा फिरव.” मूर्ती दरवर्षी रंगवतात, पण गुळगुळीत झालेल्या त्या टोकाला कुंचला लावत नाहीत.

गलबत आले, याविषयी गावात दुमत नाही. त्यात सांतान होता का, याची खात्री मात्र कधीच करता आली नाही. कार्लीनबाई ‘होता’ म्हणतात. त्यांच्या जाऊबाई बोंबील उलटवत एवढेच विचारतात, “होता, तर मग इनास मरेपर्यंत रोज त्या दारात कशाला बसायचा?”