तांबूळगडचे तृप्त उंदीर

तुम्ही कधी उंदरांना हुकूम सोडून पाहिला आहे का? तांबूळगडचा राजा धैर्यशील याने सोडला होता. झालं असं, की एका सोमवारी तो जेवायला बसला, श्रीखंडाच्या वाटीवरचं झाकण उचललं, तर आत एक उंदीर मिशा चाटत बसलेला. राजाला पाहून तो उठलासुद्धा नाही.

राजाने म्हाताऱ्या निळोपंत आचाऱ्यांना समोर उभं केलं. शुक्रवारी सकाळी मुदपाकखान्यात उंदीर दिसता कामा नये. दिसले तर पंतांनी राज्याची वेस ओलांडायची! वर तीन अटी. उंदीर मारायचे नाहीत, कारण ते गणपतीचं वाहन. मांजर आणायचं नाही, कारण मांजर दिसलं की राजाला शिंका येत. आणि बिळं बुजवायची नाहीत, कारण राजवाडा त्यांतूनच श्वास घेतो, असं राजज्योतिष्यांचं मत होतं.

दरबार कामाला लागला. प्रधानजींनी मुदपाकखान्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात दवंडी पिटवली. उंदरांनी ती केशरी भात खातखात ऐकली. सेनापतींनी प्रत्येक बिळापुढे एकेक भालेवाला उभा केला, तर उंदीर त्यांच्या पायांमधून ये-जा करू लागले, आणि एका उंदरिणीने एकाच्या पागोट्यात बाळंतपण उरकलं. मग प्रधानजींनी एक कडक ताकीदपत्र लिहून बिळाशी ठेवलं. मंगळवारी सकाळी पत्र जागेवर नव्हतं. "पोचलं," असं त्यांनी दरबारात कळवलं.

हे सगळं गोजरा मोरीशी बसून पाहत होती. ती तिथे भांडी घासायची. गडाखालच्या वस्तीत तिची तीन लेकरं होती, आणि पातेल्यांच्या बुडाची खरवड पंत तिच्यासाठी मुद्दाम जाड ठेवत. खरवडीपलीकडे तिला काही मिळणं शक्यच नव्हतं. कारण तांबूळगडचा रिवाजच तसा होता. राजासाठी रोज एक्कावन्न पदार्थ शिजायचे. राजा "तृप्त झालो" म्हणाला, की उरलेलं इतरांनी खायचं. पण तृप्त झालेला राजा आळशी होतो, असं राजाच्या पणजोबांनी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे चार पिढ्यांत तो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता. राजा चार-पाच पदार्थांना हात लावून उठायचा, बाकीचं दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच मांडून ठेवायचं आणि मग खंदकात ओतायचं.

पंतांनी आपलं गाठोडं बांधायला घेतलं, तेव्हा गोजराने हात धुतले, पदर सारखा केला आणि ती थेट राजासमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, उंदीर मी घालवते. मला दोन दिवस मुदपाकखान्याच्या किल्ल्या द्या. आणि मी काय करते, ते कुणी विचारायचं नाही."

सेनापतींना हसू आवरेना. किती शिपाई लागतील, असं त्यांनी विचारलं.

"एकही नको. आहेत तेसुद्धा घेऊन जा, सरकार. त्यांच्या शिदोऱ्यांवर दहा उंदीर वाढलेत."

राजाने किल्ल्या दिल्या. मात्र उंदीर राहिले, तर पंतांबरोबर तिनेही वेस ओलांडायची, असं बजावलं.

बुधवारी दुपारी राजाचं जेवण उरकताच गोजराने मागचं दार उघडलं. घोड्यांचे मोतद्दार आले, पाणके आले, गडाखालची अख्खी वस्ती टोपल्या आणि गाडगी घेऊन आली. पंत दारात आडवे आले.

"अगं पोरी, महाराज अजून तृप्त झालो म्हणालेले नाहीत."

"पंतकाका, हद्दपार तर तुम्ही होणारच आहात. निदान भरल्या पोटी व्हा."

पंत क्षणभर घुटमळले आणि पाटावर बसले. स्वतः केलेली बासुंदी त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा तोंडात घातली, आणि साखर जरा कमी पडते, असं कबूल केलं. दिवेलागणीपर्यंत शीतही उरलं नव्हतं. भांडी घासून पालथी झाली, कोरडा शिधा दगडी कोठारात बंद झाला. गुरुवारीही तसंच झालं.

शुक्रवारी सकाळी राजा चौरंग घेऊन मुदपाकखान्यात येऊन बसला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग एका बिळातून एक उंदीर आला. त्याने पालथी पातेली हुंगली, राजाकडे एकदा पाहिलं आणि मोठ्या दरवाज्याने तो चालता झाला.

"हा काय, आहे की उंदीर!" राजा म्हणाला.

"तो निरोप घ्यायला थांबला होता, महाराज. बाकीचे कालच गेले."

मग राजाने विचारलं आणि गोजराने सगळं सांगितलं. राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आम्ही तृप्त झालो असं म्हटलं नसताना अन्न वाटलंस?"

"तुम्ही कुठे म्हणता महाराज! तुमच्या वतीनं चार पिढ्या उंदीरच तृप्त होत होते."

प्रधानजींनी खोकला काढला. राजा पुढे वाकला. आता तिला पकडलंच, असं त्याला वाटलं.

"म्हणजे उंदीर गेले नाहीतच. अन्नामागोमाग ते तुमच्या वस्तीत गेले. माझं संकट तू माझ्या प्रजेच्या घरात घातलंस!"

"नाही हो महाराज. आमच्या घरात उंदीर येतो, सगळी मडकी हुंगतो, आमची कीव करतो आणि पुढच्या राज्यात निघून जातो."

 राजाने एकदा गोजराकडे, एकदा पालथ्या पातेल्यांकडे पाहिलं. आणि मग तो असा हसला, की चौरंग कलंडला आणि सेनापतींना त्याला दोन्ही हातांनी सावरावं लागलं. हसू ओसरल्यावर पोटावर हात ठेवून तो म्हणाला, "तृप्त झालो." पंतांची हद्दपारी तिथल्या तिथे रद्द झाली. मुदपाकखान्याच्या किल्ल्या गोजराच्या कमरेलाच राहिल्या, आणि यापुढे राजा खाईल तेवढेच पदार्थ शिजवायचे, बाकीच्या पदार्थांचा शिधा रोज गडाखालच्या वस्तीत पोचवायचा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुदपाकखान्यात पाच पदार्थ शिजले, आणि राजाने पाचही संपवले.