हौसाचं लाल पाणी

सगळ्यात वरच्या मजल्यावर अरगडेसाहेबांच्या दिवाणखान्याचं छत गळत होतं. सोसायटीचे चेअरमनही तेच, त्यामुळे दोष कोणाचा हेही त्यांनीच ठरवून टाकलं. वॉचमनची बायको हौसा गच्चीवर द्राक्षांच्या सात रिकाम्या खोक्यांत टोमॅटो लावायची. साहेबांच्या मते पाणी तिथलंच. खरं तर टाकीचा बॉलकॉक दोन वर्षं बिघडलेला होता आणि टाकी रोज भरून वाहायची, पण तो बदलायचा म्हणजे चेअरमनलाच हातपाय हलवावे लागले असते.

"पुढच्या रविवारपर्यंत सिद्ध कर, हे पाणी तुझं नाही. नाहीतर सगळी खोकी घंटागाडीत. पाण्यावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?"

हौसाने तीन महिने बादल्या वर वाहिल्या होत्या आणि टोमॅटो आता कुठे लाल व्हायला लागले होते.

"लिहिते की नाव," ती म्हणाली. "उद्यापासून झाडांना गेरू कालवलेलं पाणी घालते. पाणी माझं असंल तर तुमच्या छताला लाल डाग पडंल."

साहेबांना हे पटलं. जरा जास्तच पटलं.

शनिवारी हौसा त्यांच्याकडे भांडी घासायला गेली, तर साहेबांच्या चहाच्या कपाला लाल बोटं लागलेली. तिने कप लख्ख घासून पालथा घातला.

रविवारी साहेबांनी सगळ्या सभासदांना घरी नेऊन माना वर करायला लावल्या. छतावर ठसठशीत लाल डाग!

"बोल आता."

"साहेब, गेरू मी आणलाच नाही. अन् खोकी सोमवारपासून गच्चीवर नाहीत. छत मात्र अजून गळतंय. तुम्ही जिना चढून एकदा बघायचं तरी."

"मग खोकी आहेत कुठे?"

"तुमच्याच घरात. मागच्या गॅलरीत, कपडे वाळतात तिथं. काकूंना विचारून ठेवली. म्हटलं, साहेबांच्या नजरेस पडायची भीती नाही."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? आठवडाभर कोशिंबीर कशाची खाताय?"

सभासद हसू दाबत होते. साहेबांना ते जमलं नाही. ते सोफ्यावर बसले आणि पोट धरधरून हसले.

"बॉलकॉक उद्या बदलतो. गच्चीची किल्ली आजपासून हौसाकडे. आणखी काय हवं ते माग!"

"काही नको. फक्त खोकी वर तुम्ही न्यायची. गच्ची कुठं आहे तेवढं कळंल."

साहेब पुन्हा हसले, बाह्या सावरल्या आणि खोकी उचलायला निघाले. त्याआधी गॅलरीचं दार कुठलं, ते बायकोला विचारावं लागलं.