ठकूनं नगारा वाजवला हुता

वर त्यो दगडी कट्टा दिसतोय न्हवं, दरवाजाच्या डाव्या अंगाला? त्याच्यावर कोरडगडाचा नगारा असायचा. चपला काढा आन् मग जावा जवळ. फोटू काय पळून जात न्हाई.

इथं येणारा हरेक शहाणा एकच इचारतो. "मामा, त्या दिवशी नगारा वाजला असता तर गड वाचला असता का?" काल एक मास्तर बी तेच इचारून गेला. माझं डोस्कंच फिरतं. आरं, वाजला न्हाई असं सांगितलं कुणी तुला?

ऐका. ठकूबाई म्हणून बाई हुती. नवरा नगारा वाजवायचा, त्यो तापानं गेला, तवा काम तिच्याकडं आलं. गनीम दिसला की तिनं नगारा बडवायचा, आन् समद्यांनी हातातलं टाकून दरवाजाला धावायचं, असा नेम. त्या दिवशी किल्लेदार निळोजीरावाच्या नातवाचं बारसं. भर दुपारी माचीवर पंगत बसलेली, गडावरचे आन् गावचे समदे तिथंच. तवाच ठकूला खिंडीत धूळ दिसली. तिनं नगारा बडवला.

किल्लेदार म्हणे हसला. "वाढा रं तूप! ठकूला पान मांडलं न्हाई, म्हणून बोंबलतीया."

पंगत बी हसली. एक माणूस उठला न्हाई. भरल्या पानावरनं उठू ने म्हणे, अन्नाचा अपमान! थूत् असल्या रीतीवर. इचारायचंच असंल तर हे इचारा, ते भडवे उठले असते तर? ठकू बडवत हुती, बडवत हुती. कातडं फाटलं तवा नगारा गप झाला. गनीम आत आला.

निळोजीराव चोरवाटेनं सुटला आन् राजाला जाऊन म्हणाला, नगारा वाजलाच न्हाई, बाई झोपली हुती. राजानं गड माघारी घेतल्यावर गावाला इचारलं. गाव म्हंजी कोण? आमचेच बापजादे! "ऐकला" म्हणावं, तर "मग उठला का न्हाईस?" समद्यांनी माना खाली घालून सांगितलं, न्हाई ऐकला. ठकूला कड्यावरनं लोटायचा हुकूम झाला.

कड्यावर ती येवढंच बोलली म्हणतात, "न्हाई ऐकला? बरं. बसा जेवायला."

त्या दिसापासनं गावात पंगत बसली की पहिल्या घासाला रिकाम्या कट्ट्यावरनं नगारा घुमायचा. घास गिळवंना. लग्नाची वऱ्हाडं उपाशी माघारी जायची. तीन सालं असं चाललं म्हणे. मग समदं गाव कट्ट्यापुढं नाक घासून बोललं, आमी ऐकला हुता. तवा त्यो घुमायचा थांबला.

आजबी त्या तिथीला गावजेवण असतं. पहिला घास तोंडात गेला की ठकूच्या भावकीतली थोरली सून नगारा वाजवती. भरली पानं टाकून, उष्ट्या हातानं, समद्यांनी वर धावायचं, आन् एकेकानं मोठ्यानं म्हणायचं, "आमी ऐकला." गेल्या साली सरपंच बसून राहिला. "जिलबी येवढी संपवतो," म्हणाला. सुनंनं हात थांबवला न्हाई. गाव वर उभं, खाली ह्यो एकटा. शेवटी आला धापा टाकत, मान खाली. "ऐकला," म्हणाला.

"मोठ्यानं," सून म्हणाली, आन् वाजवतच राहिली.